नाल काढल्यावर: वाईच्या तबेल्यातल्या चार घोड्यांच्या नोंदी

१६ जून २०२४

पाचगणीचा हंगाम संपला. टेबललँडवर पर्यटकांना फिरवणारी तात्यांची चार जनावरं पसरणी घाट उतरून वाईच्या तबेल्यात आली. आता दिवाळीपर्यंत पाठीवर खोगीर नाही. मला हाच काळ हवा होता. मी जनावरांची डॉक्टर, पण माझं रोजचं काम गाई-म्हशींचं. घोडा लंगडल्याशिवाय कोणी बोलावत नाही, आणि तो लंगडेपर्यंत खुराचा आकार वर्ष-दोन वर्षं बिघडत आलेला असतो.

तात्यांशी बोलून ठरलं ते असं. आज चौघांचीही नाल काढायची. पावसाळाभर अनवाणी ठेवून दर तीन-चार आठवड्यांनी थोडं थोडं तासायचं. दिवाळीच्या तोंडावर पुन्हा नाल. हत्यारं नालबंद चाचांची, मोजमाप माझं, आणि पाय धरायला तात्यांचा पुतण्या.

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. नाल ठोकलेली असली की तो जमिनीवर घासत नाही, म्हणजे झिजतही नाही. वाढ सगळी पुढे सरकते आणि नालेलाही सोबत नेते. तात्या नाल कधी बदलतात? लोखंड पातळ झालं की. टेबललँडचा जांभा कितीही खरखरीत असला तरी लोखंड अडीच-तीन महिने निघतं. तोवर खुराचं टोक दोन सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. हिशोब लोखंडाचा चाललाय, खुराचा कोणी करत नाही. नाल शाबूत असली तर सहा आठवड्यांनी काढावी, खूर तासावा आणि तीच परत ठोकावी, हे चाचांना कोणी शिकवायला नको. "सांगून दमलो मॅडम. म्हणतात, जुनीच नाल ठोकायचे परत पैसे कशाचे?"

आजची मापं. सरदार, पुढचा डावा: केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत टोकाची लांबी १०.२ सेमी. एवढ्या बांध्याच्या, साडेतीनशे-चारशे किलोच्या घोड्याला साडेसात-आठ पुरे. टोकाचा कोन ४४ अंश, टाचेचा ३३. हे दोन कोन जवळपास सारखे हवेत. टाच ५ अंशांहून जास्त मागे पडली की ती खाली कोसळलीय असं धरतात, इथे फरक ११ चा आहे. बिजलीचा आकार बरा, पण तळव्यातून वास येतोय. चंद्याचा पुढचा डावा खूर उभट आणि उजवा पसरट. राणी गुटगुटीत. तात्यांना त्याचा अभिमान, मला त्याचीच काळजी.

१९ जून

सकाळी सरदार. पुढचा डावा पाय लोखंडी स्टँडवर घेतला आणि आधी नुसता तळवा खरवडून साफ केला. मेलेला तळवा खडूसारखा भुसभुशीत असतो, चाकू लावला की पापुद्रे निघतात. त्याखाली मेणासारखा, थोडा चकाकणारा थर लागला की चाकू ठेवून द्यायचा. सरदारच्या तळव्यावर पापुद्रे नव्हतेच फारसे, म्हणजे तळवा पातळ. तिथे हात लावला नाही.

मग टोकाकडची पांढरी रेघ. भिंत, म्हणजे खुराचं बाहेरचं कठीण कवच, आणि तळवा जिथे जुळतात तिथली ही रेघ दोन-तीन मिलिमीटरची असते. सरदारची टोकाशी बोट मावेल एवढी रुंद, तिच्यात जांभ्याचे लाल खडे ठासून बसलेले. चाचांनी चाकूच्या वाकड्या टोकानं एकेक खडा उकरला, आत काळपट भुगा निघाला. भिंत आतल्या हाडापासून ओढली जाते तेव्हा रेघ अशी फाकते. टोक जितकं लांब, तितकी पाय उचलताना जमिनीची तरफ मोठी, आणि प्रत्येक पावलाला भिंत आणखी सोलली जाते. मागून खाली उतरणारी खोल शीर, म्हणजे स्नायूची दोरी, त्याच वेळी टाचेतल्या छोट्या हाडावर दाबली जाते. दोन नंबर मोठी चप्पल घालून घाट चढायला लावावं, तसं या जनावराचं रोज चाललेलं.

टोक तळव्याकडून कापायचं नाही. खुराचा सगळ्यात रुंद भाग जिथे येतो तिथे मार्करनं आडवी रेघ मारली. त्याच्या जवळपास वर हाडांचा सांधा असतो. रेघेच्या पुढे आणि मागे निम्मं-निम्मं खूर हवा. सरदारचा पुढे दोन वाटे, मागे एक. म्हणून टोक समोरून, वरच्या अंगानं कानशीनं मागे घेतलं आणि कडेला गोलाई दिली, म्हणजे पाय उचलताना लवकर वळतो.

तात्या गप्प होते ते टाचांना कानस लागेपर्यंत. "अहो मॅडम, टाच आधीच बसलीय म्हणताय, आणि वरून तीच कापताय?"

प्रश्न रास्त आहे. कोसळलेली टाच उंची देत नाही. तिचे तंतू आडवे होऊन पायाखाली पुढे घुसतात आणि टेकायची जागाच पुढे सरकते. चिरडलेलं तेवढं काढलं की टेकण मागे जातं, वजन पुन्हा गादीच्या मागच्या भागावर येतं. गादी म्हणजे तळव्यातला तिकोनी रबरी भाग, ज्याला आम्ही डॉक्टर फ्रॉग म्हणतो. त्याच्या सगळ्यात रुंद जागेपर्यंत टाच मागे आणायची असते, पण एका दिवसात नाही. आज दोन-तीन मिलिमीटर घेतले आणि थांबलो.

टोक आता ९.३. पुतण्यानं डांबरी तुकड्यावरून चालवताना मोबाइलवर संथ गतीचा व्हिडिओ घेतला. टोक आधी पडतंय, टाच मागून. व्हायला हवं उलटं, निदान सपाट तरी.

४ जुलै

पाऊस लागला. बिजलीची गादी आज नीट उघडली. मधल्या खाचेत कापसाचा बोळा घातला तर काळा चिखल घेऊन आला, आणि वास असा की पुतण्या पाय सोडून मागे सरकला. खाच वरच्या मऊ भागापर्यंत गेलीय. हे जंतू हवा नसलेल्या जागी फोफावतात. नुसतं औषध ओतून उपयोग नाही, खाच उघडी करून कोरडी करावी लागते. लोंबणारे कुजके तुकडे चाचांनी छाटले, निरोगी भागाला चाकू लागू दिला नाही. पोव्हिडोन आयोडिननं धुऊन, पुसून, मोरचुदाच्या पातळ पाण्यात भिजवलेला कापूस खाचेत. रोज बदलायचा.

बिजलीला आकार सुधारायच्या यादीत धरावं का, असं तात्या विचारत होते. धरावंच. मागे दुखतं म्हणून ती टोकावर चालते, टोकावर चालते म्हणून टाच वापरात येत नाही, आणि न वापरलेली टाच आवळत जाते. टाचांमधलं अंतर आत्ताच कमी वाटतंय. इथे कानशीच्या आधी कापूस.

१५ जुलै

सरदार आणि चंद्या तासले. पंधरा-वीस मिनिटांत उरकलं. "एवढ्यासाठी मला वाईभर भिजत आणलं?" चाचा म्हणाले. मजुरी मात्र पूर्ण घेतली, घ्यायलाच हवी. थोडं तासायलाही खेप तीच आणि जोखीम तीच. खूर एकदाच कापून सुंदर करून देणारा नालबंद लोकांना आवडतो. फोटो छान येतो आणि घोडा आठवडाभर काटेरी रानात चालल्यागत पावलं टाकतो.

२९ जुलै

मुसळधार. घाटातून येणारं पाणी तबेल्याच्या मागच्या भिंतीला लागतंय. तासणं नाही. ओल्या खुराला कानस लागते सुरेख, पण भिजून मऊ पडलेली भिंत लगेच बाहेर फाकते, मग किती काढायचं ते कळत नाही.

त्याऐवजी जमीन केली. तबेल्याच्या अर्ध्या भागात मुरूम टाकून चोपला, वर वाळूचा थर. मूत साचत होतं तिथे बाहेर उतार काढून दिला. तात्यांच्या मते या प्रकल्पात सगळ्यात जास्त पैसे इथे गेले. माझ्या मते सगळ्यात चांगले इथेच गेले.

१४ ऑगस्ट

पहाटे पुतण्याचा फोन, राणी उठून उभी आहे पण हलत नाही. जाऊन पाहिलं. पुढचे पाय पुढे ताणलेले, वजन सगळं मागच्यांवर. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं ठेवली तर नाडी ठणठण उडतेय. खूर गरम. लॅमिनायटिस. हाडाला भिंतीशी धरून ठेवणारे पदर सुजलेत.

सूज कमी करणारं इंजेक्शन दिलं, पाय बर्फाच्या पाण्यात, खाली वाळूचं जाड अंथरूण. मग खाण्याची चौकशी. कोवळं गवत दिवसभर मोकळं, संध्याकाळी भरड, उसाचं वाढं, आणि वर "लक्ष्मी आहे हो ती घरची" म्हणून गुळाचा खडा. काम बंद आणि खुराक हंगामातला.

तिच्या खुरावर आधीपासून कडी, म्हणजे आडव्या वळ्या, होती, मापं घेताना वहीत लिहिलीत. कडी सगळ्याच घोड्यांच्या खुरावर असतात, ऋतू बदलला की उमटतात. पण राणीची टोकाशी जवळजवळ आणि टाचेकडे रुंद होत जाणारी आहेत, म्हणजे टोकाची वाढ मधूनमधून अडत आलीय. हा तिचा पहिला झटका नव्हे.

खाणं आजपासून बदललं. गूळ, वाढं, भरड बंद. वाळलं गवत तासभर पाण्यात भिजवून, पाणी फेकून द्यायचं, त्यात साखर बरीच उतरते. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या घरच्यांनी, गुळावरून वाद घातला. मी त्यांना राणीच्या घोट्यावर बोटं ठेवायला सांगितली. नाडी लागल्यावर त्यांनी डबा उचलून आत नेला.

सूज असताना तासायचं नाही. फक्त टोकाची कड थोडी वर वळवली, की पाऊल उचलताना ताण कमी पडेल. तळवा जितका आहे तितका राहू दे.

५ सप्टेंबर

सरदार आणि चंद्याला टेम्पोत घालून शिरवळला, पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रे काढून आणला.

सरदार: टोकाखाली तळव्याची जाडी ११ मिलिमीटर. १५ च्या आसपास असेल तर निर्धास्त. जूनमध्ये कोणी "खूर लांब झालाय" म्हणून तळवा सोलला असता तर आज काय दिसलं असतं, सांगायला नको. आतल्या हाडाचा खालचा कोन जवळपास शून्य. टाचेकडे तीन ते पाच अंश वर असावा. त्याला अजून वेळ लागेल.

चंद्या: डावा उभट, टोकाचा कोन ६२. उजवा ४७. तात्यांची मागणी पहिल्या दिवसापासून एकच, दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. दिसतील, पण घोडा लंगडेल. उभट खुराच्या मागे आखडलेली शीर असते. टाच एकदम खाली आणली की ती शीर ताणली जाते आणि टोकाकडची भिंत ओढली जाते. चंद्याच्या डाव्याला आज टाचेवरून फक्त ३ मिलिमीटर घेतले, मग सपाट फरशीवर उभं केलं. वजन टाकल्यावर टाच फरशीला टेकली तर ठीक, अधांतरी राहिली तर जास्त कापलं असं समजायचं. टेकली. उजव्याची गोष्ट वेगळी. तिथे सरदारसारखंच, टोक मागे आणि टाचेचं चिरडलेलं साफ.

असं का होतं, त्याचं एक कारण चरण्यात आहे. लांब पायांची, आखूड मानेची शिंगरं चरताना एकच पाय कायम पुढे टाकतात. पुढचा पसरतो, मागचा उभट होतो. चंद्याला तात्यांनी मोठा झाल्यावर घेतलाय, तेव्हा तो लहानपणी कसा चरायचा ते विचारायला कोणी नाही.

२२ सप्टेंबर

बावधनहून एक जण शिंगरू घेऊन आले. वय दोन महिन्यांच्या आत, पुढच्या दोन्ही पायांचे पंजे आत वळलेले. आमचं काम बघायला आलेल्या चौघांचं मत, मोठं झालं की आपोआप सरळ होतं.

काही होतं, सगळं होत नाही. घोट्याजवळच्या हाडाची वाढ पहिल्या तीनेक महिन्यांतच बहुतेक उरकते. तासून पाय वळवायचा तो तेवढ्यात. पंजा आत वळलेला असेल तर शिंगरू बाहेरची बाजू जास्त झिजवतं. आतली उंच राहते तेवढी कानशीचे दोन-चार हात मारून उतरवली आणि दर दोन आठवड्यांनी यायला सांगितलं. चाचांनी कानस इतकी हलकी चालवली की शिंगरू आईचं दूध पीत राहिलं.

तात्यांनी लगेच सरदारच्या मागच्या पायांचं काढलं, तेही बाहेर वळलेत, तेपण करून टाका. ते होणार नाही. सरदार नऊ वर्षांचा आहे, त्याची हाडं ठरली. आता एक बाजू कापून पाय सरळ दाखवला तर सांधा वाकड्यात दाबला जाईल. त्याच्या पायाला जे साजेल तेवढंच तासायचं, दिसायला वाकडं असलं तरी.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. बैलांना बेंदूर असतो, घोड्यांचा मान दसऱ्याला. झेंडूच्या माळा आज सुकून म्होरक्यांना लटकताहेत, आणि चंद्यानं त्यातली निम्मी खाल्लीय.

सरदारच्या खुरावर वरून साडेतीन सेंटिमीटर खाली एक पुसट आडवी खूण दिसतेय. तिच्या वरची भिंत खालच्यापेक्षा उभी आहे, बाजूनं पट्टी लावली तर मधे उजेड दिसतो. नाल काढल्यानंतर आलेली वाढ ती हीच, आणि खुराचा पुढचा आकार तिथूनच ठरणार. टोकाची भिंत वरून खालपर्यंत नवी व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. आम्ही निम्म्यापर्यंतही पोचलेलो नाही.

मापं: टोक ८.३ सेमी, कोन ४९, टाच ४१. पांढरी रेघ खालच्या भागात अजून रुंद, पण खडे बसत नाहीत. व्हिडिओत पाऊल सपाट पडतंय, मधूनमधून टाच आधी. बिजलीची खाच बुजली आणि गादी रुंद झाली. वास नाही. राणी चालते, खुरात गरमी नाही, वजन उतरलंय. गावातले लोक तात्यांना "घोडी खंगली" म्हणतात आणि तात्या मला ऐकवतात.

बायोटिनचं विचारलं. द्यायला हरकत नाही, दिवसाला १५-२० मिलिग्रॅम. पण नव्यानं येणारी वाढच सुधारते, आहे तो खूर नाही, आणि फरक कळायला सहा महिने तरी जातात. पैसे मोजकेच असतील तर आधी नालेची खेप.

२७ ऑक्टोबर

दिवाळी दारात. नाल ठोकायचा दिवस.

चाचांचं आणि माझं इथे वाजलं. ते नाल खुराच्या टोकाशी टोक जुळवून बसवतात, तशीच दिसायला नीट दिसते. मला सरदारची नाल टोकापासून थोडी मागे हवी होती, आणि मागची दोन टोकं टाचेच्या पलीकडे बोटाच्या पेराएवढी बाहेर, म्हणजे टाचेला आधार मिळेल. चाचांचं म्हणणं, टेबललँडवर घोडा दुडक्या चालीत मागचा पाय पुढच्या नालेवर मारतो, बाहेर राहिलेली नाल उपटली जाते आणि येताना भिंतीचा तुकडा घेऊन येते. यात खोटं काही नाही. मधला मार्ग काढला. टाचेकडे नाल पेराच्या निम्मीच बाहेर, तिची टोकं कानशीनं घासून गोल, आणि पुढे तिला वळण दिलं. खिळे सगळे रुंद भागाच्या पुढेच, मागे एकही नाही, म्हणजे वजन पडेल तशी टाच फाकायला मोकळी. खिळा पांढऱ्या रेघेच्या बाहेरून गेला पाहिजे. चाचा कानानं ओळखतात, हातोड्याचा आवाज बोदा झाला की खिळा मऊ जागेत चाललाय, उपसून काढतात.

राणीला नाल नाही. वर नेणार नाही.

१० नोव्हेंबर

फलटणकडून निघालेला धनगरांचा वाडा कोकणाच्या वाटेवर पलीकडच्या शेतात उतरलाय. शेतकऱ्यानं खतासाठी रात्री मेंढरं बसवून घेतलीत. त्यांच्याकडे संसार वाहणारी बुटकी भीमथडी घोडी होती. विचारून दोघींचे पाय उचलले. नाल नाही, टोक आखूड, कडा आपोआप गोल झिजलेल्या, गादी रुंद आणि टणक, टाच थेट तिच्या रुंद भागाशी. रोज मैलोन्‌मैल दगडातून चालणं, खायला वाळलं-कोरडं. त्यांच्या म्हाताऱ्याला मी "खूर कोण तासतं" विचारलं तर तो पुतण्याकडे बघून हसला. चाचांनी मात्र स्वतःहून एक पाय परत उचलून बराच वेळ पाहिला.

आमच्या घोड्यांना हे जसंच्या तसं लागू नाही. दिवसभर दोरीवर उभं राहायचं, मग एकदम डांबर आणि जांभा, तेही पाठीवर माणूस घेऊन. नाल लागणारच.

दुपारी पाचगणीला जाऊन टेबललँडवर सरदारचा व्हिडिओ घेतला, पाठीवर पुतण्या. पाऊल सपाट. चंद्या डाव्यावर किंचित आखडतोय, त्याला आठवडाभर लहान मुलांच्याच फेऱ्या.

नालेची पुढची तारीख ८ डिसेंबर. सहा आठवडे त्या दिवशी भरतात, आणि नाताळच्या गर्दीआधी उरकतंही. तात्या म्हणाले, लोखंड तर अजून नवंकोरं आहे. चाचांनी तीच नाल परत ठोकायची मजुरी निम्मी सांगितली, तात्यांनी त्यातही पन्नास रुपये पाडून घेतले. राणीचा एक्स-रे जानेवारीत.